वाळूत रुतलेले घर

सोलापूरच्या माणसाला पाणी एका जागी राहिलेले पाहण्याची सवय असते. ते तलावात असते, विहिरीत असते, उजनीत असते. वाढले तर पावसाळ्यात वाढते आणि आटले तर उन्हाळ्यात आटते. दिवसातून दोनदा येणारे आणि दोनदा जाणारे पाणी आमच्या हिशेबात नाही. समुद्र आम्ही आतापर्यंत मुंबईच्या कठड्यावर उभे राहूनच पाहिला होता, आणि कठड्यावरून भरती-ओहोटी हा फक्त भूगोलाचा धडा वाटतो.

यंदा डिसेंबरमध्ये शाळेला सलग सुट्ट्या आल्या तेव्हा अम्मींना घेऊन कोकणात जायचे ठरले. अम्मींचे वय बहात्तर. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही आणि दर दोन तासांनी स्वच्छतागृह लागते. नमाजेची वेळ झाली की पाणी आणि चार हात स्वच्छ जागा हवी. एवढे सगळे वाटेतल्या हॉटेलांवर सोडून निघणे धाडसाचे होते. म्हणून आम्ही पुण्याहून मोटारहोम भाड्याने घेतले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून अशा गाड्यांचे नाव आपल्याकडे बरेच ऐकू येते. आम्हाला मिळालेली गाडी टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या सांगाड्यावर बांधलेली होती. आत चार जणांच्या झोपण्याची सोय, गॅसची शेगडी, छोटे फ्रीज, स्वच्छतागृह आणि दीडशे लिटरची पाण्याची टाकी. ड्रायव्हर गाडीबरोबरच मिळाला, पुण्याचा पंचविशीतला मुलगा. मुले त्याला पहिल्या तासातच ‘भाई’ म्हणू लागली.

घरातल्या सगळ्या सोयी चाकांवर नेणारी ही गाडी चालते छान. प्रश्न येतो तो ती उभी करण्याचा. कोकणातले गावरस्ते दोन बाजूंच्या चिऱ्याच्या गडग्यांमधून जातात. समोरून एसटी आली की कुणाला तरी मागे जावे लागते. नारळाच्या झावळ्या टपाला घासतात. गावाच्या मध्यावर एखादी मोकळी जागा दिसली तर ती बहुधा एसटी वळवण्यासाठी राखलेली असते. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळ्यावरून आम्ही श्रीवर्धनला पोचलो तेव्हा रात्रीच्या मुक्कामाला जागा शोधण्यात पाऊण तास गेला. शेवटी एका वाडीच्या मालकाने सुपारी वाळवण्याचे अंगण मोकळे करून दिले.

त्या दिवशी चांदाची १३ तारीख होती. अम्मी दर महिन्याला १३, १४ आणि १५ चे रोजे ठेवतात. अय्याम-ए-बीज, म्हणजे उजळ रात्रींचे दिवस. प्रवासात रोजा सोडण्याची सवलत आहे आणि हे तर नफल रोजे, असे आम्ही दोघांनीही सांगून पाहिले. अम्मींचे उत्तर ठरलेले: “गाडीत बसूनच तर जायचंय, मी कुठे चालणार आहे?”

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून बाणकोटच्या खाडीत फेरीबोटीवर चढलो. या बोटीला इकडे जंगलजेटी म्हणतात. पलीकडे वेसवीला उतरलो की रत्नागिरी जिल्हा. केळशीला हजरत याकूब बाबांच्या दर्ग्यावर थांबलो. छत्रपती शिवाजी महाराजांनी या दर्ग्याला इनाम दिले होते, हे थोरल्याला पुस्तकातून माहीत होते. तरी प्रत्यक्ष तिथे उभे राहून सांगताना त्याचा आवाज जरा वेगळा लागला. पुढे आंजर्ल्याचा पूल, मग हर्णै. बंदराच्या वाळूवर मासळीचा लिलाव चालू होता आणि मागे पाण्यात सुवर्णदुर्ग. धाकटीने पापलेटचा भाव ऐकून सोलापूरच्या भावाशी तुलना केली आणि आम्हाला दोन घ्यायला लावले. मुरूड ओलांडून कर्दे गावाच्या किनाऱ्याशी आलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते.

अम्मींची एकच इच्छा होती, आजची इफ्तारी समुद्रासमोर व्हावी.

कर्द्याचा किनारा सपाट आणि लांबच लांब आहे. ओहोटीला तर पाणी इतके मागे जाते की मधली ओली वाळू सिमेंटच्या मैदानासारखी दिसते. त्या वाळूवर चारचाकींच्या चाकोऱ्या उमटलेल्या होत्या. वाहने खाली नेऊ नका असे फलक कोकणात अनेक किनाऱ्यांवर असतात. आम्ही होतो तिथे तो दिसला नाही. अम्मींना मऊ वाळूतून चालवत नेणे शक्य नव्हते. ड्रायव्हरभाईंनी खाली उतरून पायाने वाळू दाबून पाहिली, चाकोऱ्या पाहिल्या आणि म्हणाले, “कडक आहे, जाईल.” गाडी गेलीही. पाण्यापासून चांगली शंभर पावले अलीकडे, समुद्राकडे दार करून त्यांनी ती उभी केली.

इफ्तारीला खजूर, केळी आणि शेगडीवर तळलेली भजी होती. मगरिबची नमाज आम्ही चटई टाकून वाळूवरच पढलो. सोलापूरकर इतक्या लांब आले म्हणजे मुसाफिर, पण मगरिबच्या तीन रकअतींना कसर नाही. सलाम फेरला तेव्हा मागच्या डोंगरावरून चांद वर येत होता. जरा लालसर आणि चांगला मोठा. अम्मी खुर्चीत बसून बराच वेळ दुआ मागत होत्या. तो अर्धा तास खरोखर सुंदर होता. पुढे जे झाले त्याने तो बिघडला असे आम्हाला आजही वाटत नाही.

सव्वासातला निघायचे म्हणून गाडी सुरू केली. मागची चाके जागच्या जागी फिरली. ड्रायव्हरभाईंनी जोर दिला तशी वाळू उडाली आणि गाडी मागच्या अंगाने खाली बसली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मुलांनी पायपुसणी आणून चाकाखाली सारली, ती चाकांनी गिळून मागे फेकली. दहा मिनिटांत मागचा आस वाळूला टेकला.

यात भूताखेताचे काही नाही. ओली वाळू वरून कडक असते कारण तिच्या कणांमधले पाणी कणांना धरून ठेवते. पण तिच्यावर चार टनांचे वजन तासभर उभे राहिले आणि वर इंजिनाची थरथर बसली, की खालचे पाणी वर येते, कण सुटे होतात आणि वाळूचे पिठल्यासारखे काहीतरी होते. फिरणारे चाक मग गाडीला पुढे नेत नाही, खड्डा खोदते. हलकी जीप ज्या वाळूवरून पळत जाते तीच वाळू भरलेल्या मोटारहोमला धरून ठेवते. आधीच्या चाकोऱ्या हलक्या गाड्यांच्या होत्या.

भाड्याने गाडी देणाऱ्यांना फोन केला. तिकडून पहिला प्रश्न आला, “गाडी वाळूत का नेली?” आणि दुसरे वाक्य असे, की समुद्राच्या पाण्याने झालेले नुकसान विम्यात बसत नाही, करारात लिहिले आहे. माणसे ठीक आहेत का, हे त्यांनी विचारले नाही. ड्रायव्हरभाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांची नोकरी त्या वाळूत होती आणि आमची अनामत रक्कमही.

तेवढ्यात किनाऱ्याने जाळे खांद्यावर घेतलेले एक गृहस्थ आले. साठीच्या पुढचे असावेत. नंतर कळले की ते पूर्वी होडीवर तांडेल होते, म्हणून गावात सगळे त्यांना तांडेलकाका म्हणतात. त्यांनी गाडीकडे पाहिले, मग चांदाकडे पाहिले आणि म्हणाले, “आधी इंजिन बंद करा. काल पुनव झाली. आज उधाण आहे. दहाच्या आत पाणी चाकांना लागेल आणि पाऊण वाजता जिथे तुमचं दार आहे तिथे कमरेएवढं असेल.”

थोरल्याने घड्याळ पाहिले. सात पस्तीस.

हा हिशेब त्यांनी कसा केला हे त्या घाईत विचारणे झाले नाही. ते सकाळी विचारले. पण वाचकांना इथेच सांगतो, कारण आपल्या घरात दर महिन्याला चांद पाहिला जातो आणि हा हिशेब चांदाचाच आहे. कोकणच्या किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट करायची. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या जवळपास. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा एकपासून मोजायचे. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, कारण चांदही रोज तेवढाच उशिरा उगवतो. आपल्या चांदाच्या तारखेत आणि तिथीत सहसा एक-दोन दिवसांचे अंतर असते, कारण आपण चांद दिसल्यावर मोजायला सुरुवात करतो. त्या दिवशी आमची १४ होती आणि पौर्णिमा उलटून पहिली तिथी. एकाची पाऊणपट, म्हणजे पाऊण वाजता. आम्ही मगरिबला पोचलो ती नेमकी ओहोटीची वेळ होती. समुद्र त्या वेळी जितका मागे गेला होता तितकाच पुढे येणार होता.

दुसरी गोष्ट, सूर्य आणि चांद एका रेषेत आले की दोघांची ओढ मिळून भरती मोठी होते. तेच उधाण. अष्टमीच्या सुमारास लहान भरती, तिला भांग म्हणतात. उधाणाचे पाणी सगळ्यात जास्त चढते ते पौर्णिमा-अमावास्येच्या एक-दोन दिवस नंतर. म्हणजे अय्याम-ए-बीजचे तिन्ही दिवस किनाऱ्यावर मोठ्या भरतीचे दिवस असतात. तांडेलकाकांनी आणखी एक सांगितले, की पावसाळ्यात दिवसाचे उधाण मोठे आणि हिवाळ्यात रात्रीचे. आम्ही डिसेंबरच्या रात्री तिथे उभे होतो.

काकांनी आधी अम्मींना हलवायला सांगितले. खुर्चीसकट चौघांनी उचलले. अम्मी म्हणत होत्या, “मेरी फिकर नक्को करो, गाडी देखो.” काकांच्या घरच्यांनी त्यांना ओट्यावर बसवले. काकूंनी विचारले, “उपास सुटला का?” आणि मग स्वतःच म्हणाल्या, “मटण-कोंबडी नाही करत हां, मासळीच करते, ती तुम्हाला चालते ना.” आम्ही ऐकत राहिलो. एवढा विचार तर आमचे नातेवाईकही पुण्या-मुंबईत हॉटेल निवडताना करत नाहीत.

मग वजन कमी करण्याचे काम. गॅसचा सिलिंडर, सामान, गाद्या, फ्रीजमधले सगळे बाहेर. काका म्हणाले, टाकी रिकामी करा. टाकीत शंभर-सव्वाशे लिटर तरी पाणी होते, म्हणजे तितकेच किलो. तोटी उघडली आणि गोडे पाणी वाळूत जाताना धाकटी म्हणाली, “मग इशाला वुजू कशाने करायचा?” थोरला तिला म्हणाला, “समोर बघ.” समुद्राच्या पाण्याने वुजू होतो, हे मदरशात शिकवलेले असते. उपयोग त्या रात्री पहिल्यांदा झाला.

चाकांतली हवा निम्म्यावर आणली. हवा कमी झाली की टायर पसरतो, वाळूवर जास्त जागा धरतो आणि कमी रुततो. फावडी दोनच होती, बाकीच्यांनी ताटे आणि हात वापरले. चाकाच्या पुढची वाळू उतार करून काढायची, मागची नव्हे. आसाखालची वाळू पूर्ण मोकळी करायची, नाहीतर गाडी चाकांवर नाही तर पोटावर बसलेली राहते. काढलेल्या जागेत झावळ्या, गोणपाटे आणि मासळीच्या पेट्यांच्या फळ्या. आतापर्यंत गावातली आठ-दहा मुले जमली होती. दोन पर्यटक तरुण मोबाइलवर चित्रण करत होते. काकांनी त्यांच्याकडे न पाहताच फावडे पुढे केले. एकाने घेतले. दुसरा करत राहिला.

ट्रॅक्टर गावात होता, पण त्याचा मालक शेजारच्या गावी लग्नाला गेला होता. त्याला फोन लागेपर्यंत आठ वाजले आणि तो येईपर्यंत नऊ वाजून दहा मिनिटे. तोवर पाण्याचा आवाज बदलला होता. दिवसा लांबून येणारी गाज आता समोरून येत होती. चांदण्यात फेसाची रेघ स्पष्ट दिसायची. धाकटीने वाळूत काठी रोवली होती, दर वेळी पाणी कुठवर येते ते पाहायला. नवाला ती काठी ओली झाली आणि तिने ती न सांगता दहा पावले मागे आणून रोवली.

पहिला प्रयत्न फसला. दोर मागच्या बाजूला बांधला होता आणि आडवा ताण बसून गाडी अजून तिरकी झाली. दुसऱ्यांदा पुढच्या हुकाला दोर लावून किनाऱ्याच्या चढाला तिरपी दिशा धरली. काकांनी सगळ्यांना दोरापासून लांब केले, विशेषतः मुलांना. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा येतो. ड्रायव्हरभाईंना एकच सूचना: “रेस देऊ नको, दुसऱ्या गिअरवर नुसती चालू ठेव, चाक सरळ.” मागून आम्ही बारा-तेरा जण खांदे लावून उभे. त्यात फावडे घेतलेला तो तरुणही होता. पाण्याची एक लाट घोट्यांना लागून गेली, मग दुसरी.

गाडी हलली तेव्हा आवाज काहीच झाला नाही. फळ्या मोडल्याचा तेवढा झाला. ती एक हात पुढे गेली, थांबली, पुन्हा गेली, आणि मग ट्रॅक्टरने तिला थांबूच दिले नाही. वर झावळ्यांच्या कुंपणापाशी पोचली तेव्हा नऊ पन्नास. आमच्या खड्ड्यात पाणी शिरत होते.

ट्रॅक्टरवाल्याने पंधराशे रुपये घेतले. लग्न सोडून आला होता, डिझेल जाळले होते, रात्रीची वेळ होती. पैसे मागताना तो थोडा संकोचला, पण त्याची गरज नव्हती. अशा प्रसंगांच्या गोष्टींत लोक नेहमी ‘पैसे घ्यायला नकार दिला’ असे लिहितात. आम्हाला पैसे घेणारा माणूस जास्त बरा वाटला, हिशेब पुरा होतो. तांडेलकाकांनी मात्र काही घेतले नाही. काकूंना हर्णैची दोन पापलेटे दिली, ती त्यांनी तळून आम्हालाच वाढली, तांदळाच्या भाकरीबरोबर.

त्यानंतर विहिरीवरून पाइप लावून गाडी खालून धुतली. खाऱ्या पाण्याचे तुषार आणि वाळू ब्रेकमध्ये राहिली तर आठवड्यात गंज धरते. हे काम रात्री अकराला कंटाळा न करता करावे लागते. इशाची नमाज काकांच्या अंगणात पढलो, वुजू विहिरीच्या पाण्याने, त्यामुळे थोरल्याचा मसला तसाच राहिला. पाऊण वाजता आम्ही दोघे मुद्दाम किनाऱ्यावर गेलो. जिथे इफ्तारी केली होती तिथे लाटा फुटत होत्या, काठीचा पत्ता नव्हता.

सकाळी सावकाश चालवत जाऊन चाकांत हवा भरून घेतली आणि दाभोळला निघालो. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर. महमूद गवान पंधराव्या शतकात इराणहून आले ते याच बंदरात उतरले. हाजींची जहाजे इथून सुटत. शिडाचे जहाज खाडीच्या मुखातून आत यायचे ते भरतीच्या पाण्याबरोबर आणि बाहेर पडायचे ते ओहोटीबरोबर, म्हणजे त्या काळी हजचा प्रवाससुद्धा याच हिशेबाने सुरू होत असणार. खाडीकाठची शाही मशीद, जिला गावात अंडा मशीद म्हणतात, काळ्या दगडाची आहे. मध्ये मोठा घुमट, चार कोपऱ्यांना चार मिनार. अम्मींनी पायऱ्या चढायला वीस मिनिटे घेतली. त्या दिवशी त्यांचा तिसरा रोजा होता. गाडी आम्ही दूर, पक्क्या मुरमाच्या जागेवर उभी केली. ड्रायव्हरभाईंनी तिथेही पायाने जमीन दाबून पाहिली.

पुढे धोपाव्याला जायला पुन्हा जंगलजेटी. धक्क्यावर मोटारहोम पाहून बोटीवरचा माणूस म्हणाला, मोठी ओहोटी झाली की पाणी खाली जाते, बोट खाली जाते, धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि लांब शेपटीची गाडी मागून टेकते. पाणी अर्धे भरेपर्यंत थांबा.

“किती वाजता?” आम्ही विचारले.

त्याने उत्तर देण्याआधी थोरल्याने वहीत मांडून ठेवले होते. चांदाची १५, तिथी दुसरी, दोनाची पाऊणपट दीड. दीडला पूर्ण भरती, म्हणजे साडेदहाच्या पुढे निम्मी. बोटीवरच्या माणसाने वहीत डोकावून पाहिले आणि म्हणाला, “अकराची बोट धरा.”

आम्ही अकराची धरली.